विज्ञानकथा स्पर्धा : आपले तीन परीक्षक आणि ते गोष्ट कशी वाचतात

संयोजक

नमस्कार मंडळी,

विज्ञानकथा स्पर्धा जाहीर झाल्यापासून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे परीक्षक कोण. तर आज त्यांची ओळख करून देतेय. तिघं आहेत, आणि तिघांनीही एक अट घातली आहे की निकाल लागेपर्यंत आमची नावं सांगू नका, कारण नाव कळलं की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात आणि मग समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. आम्हाला ते पटलं. त्यामुळे नावं निकालाच्या दिवशी. पण माणसं कशी आहेत, आयुष्यभर काय करत आली आणि मुख्य म्हणजे गोष्ट हातात पडली की ती कशी वाचतात हे सविस्तर सांगते, लिहिणाऱ्याच्या उपयोगाचं तेवढंच असतं.

पहिल्या परीक्षक परळच्या. रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून अख्खी नोकरी केली, आता निवृत्त आहेत, आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. घरात जुने दिवाळी अंक बाईंडिंग करून ठेवलेले आहेत, त्यातल्या विज्ञानकथा कुठल्या अंकात कुठे आहेत हे त्यांना तोंडपाठ आहे. पण मला त्यांच्या वाचनापेक्षा त्यांच्या कामाबद्दल जास्त सांगायचंय. बॉम्बे ब्लड ग्रुप तुम्ही ऐकला असेल. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच तो शोधला. या माणसांच्या लाल पेशींवर ए प्रतिजन (रक्तगट ठरवणारी खूण) नसतो, बी नसतो, आणि ज्याच्यापासून ए-बी तयार होतात तो एच पण नसतो. नुसत्या पेशी तपासल्या तर उत्तर येतं 'ओ'. तिथेच थांबलात तर पेशंटच्या जिवावर बेतेल, कारण त्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या पातळ भागात, एचच्या विरोधातल्या अँटीबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) असतात आणि ओ गटाच्या रक्तात एच भरपूर असतो. म्हणून दुसऱ्या बाजूनेही तपासायचं, पेशंटचं सीरम घ्यायचं, त्यात माहितीतल्या ओ पेशी घालायच्या, नळी यंत्रात गरगर फिरवून झाली की हलकेच हलवायची. तळाशी बसलेली लाल गोळी एकसारखी पसरली तर तो खरा ओ. न पसरता दाणे दाणे होऊन सुटली तर हातातलं काम थांबवून वरिष्ठांना बोलवायचं. ताईंनी हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात रिकामी नळी हातात धरून दाखवलं आणि मला तेव्हाच वाटलं की या बाई परीक्षक हव्यात.

कारण त्या गोष्टही तशाच वाचतात, दोन्ही बाजूंनी. एकदा सुरुवातीपासून, लेखक काय म्हणतोय ते. मग शेवटापासून मागे, म्हणजे शेवटी जे उघड झालं ते खरं असेल तर तिसऱ्या पानावर काय दिसायला हवं होतं, आणि ते दिसलं का. शेवटी कळलं की आजी माणूसच नव्हती, ठीक आहे, मग ती मधल्या प्रसंगात तापाने फणफणली कशी?

दुसरे परीक्षक कुर्ल्याचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, त्यांना आम्ही काका म्हणतो. रुळांमधून बारीकसा करंट सोडलेला असतो, तो पुढे जाऊन एका रिलेला, म्हणजे करंटवर चालणाऱ्या स्विचला, उचलून धरतो, रिले उचललेला आहे तोवर सिग्नल हिरवा देता येतो. गाडी आली की तिच्या चाकांमधून करंट परस्पर वळतो, रिले पडतो, मागचा सिग्नल लाल. पण यातली खरी गंमत पुढे आहे, वायर तुटली तरी रिले पडतो, बॅटरी गेली तरी पडतो, रूळ तुटला तरी बहुतेक वेळा पडतो. म्हणजे काहीही बिघडलं तरी उत्तर लालच यावं अशी ती रचना. काकांचं म्हणणं असं की तुमच्या गोष्टीतलं यंत्र चालतं कसं हे थोडं कमी सांगितलंत तरी मी चालवून घेईन, पण ते बिघडल्यावर काय होतं हे मला कळलं पाहिजे, कारण माणसांची गोष्ट तिथून सुरू होते. आणि ज्या जगात काहीच कधी बिघडत नाही ते जग लेखकाने नीट बघितलेलंच नाही असं ते धरतात.

तिसरे परीक्षक गिरगावातले, मुद्रितशोधक आणि संपादक, कितीतरी दिवाळी अंकांची प्रुफं त्यांच्या हाताखालून गेलीत. त्यांना सगळे सर म्हणतात. विज्ञानाचं शिक्षण दहावीपर्यंत. सरांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी नाहीच म्हटलं, मग म्हणाले, विज्ञान मला येत नाही पण गोष्टीतून नीट सांगितलं तर कळतं, आणि नाही कळलं तर तो दोष माझा नाही. त्यांचा एक राग आधीच सांगून ठेवते. दोन शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत उभे आहेत आणि एक दुसऱ्याला सांगतोय, 'तुला माहीतच आहे की प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असतो.' सरांची लाल पेन्सिल तिथे उठते. माहीतच आहे तर सांगतोस कशाला?

तिघंही सगळ्या कथा वाचणार, वाटून घेणार नाहीत. गुण देऊन होईपर्यंत एकमेकांशी कथांबद्दल बोलणार नाहीत. मग एकत्र बसून वरच्या आठ-दहा कथांवर चर्चा, आणि तिथे भांडायला पूर्ण मोकळीक आहे.

प्रश्न असतील तर इथेच विचारा.

जलद लोकल

छान ओळख करून दिलीत, रक्तपेढीचा भाग वाचताना मजा आली. पण एक गोष्ट स्पष्टच विचारतो, राग मानू नका. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) कुलाब्याला, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) तुर्भ्याला, आयआयटी पवईला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला, इतकं सगळं असलेल्या शहरात विज्ञानकथा स्पर्धेला एकही शास्त्रज्ञ परीक्षक मिळाला नाही? उद्या कोणी कृष्णविवरावर किंवा क्वांटमवर गोष्ट लिहिली तर ती बरोबर की चूक हे कोण ठरवणार? एक तरी संशोधक हवा होता असं माझं प्रामाणिक मत.

पारले पूर्व

जलद लोकल यांना अनुमोदन. किमान एक फिजिक्सवाला हवाच.

संयोजक

रागाचा प्रश्नच नाही, हा मुद्दा आमच्या बैठकीतही निघाला होता आणि त्यावर बराच वेळ गेला. एकदोन संशोधकांना विचारलंही होतं, त्यांना वेळ नव्हता, पण ते खरं कारण नाही. मिळाले असते तरी मी याच तिघांचा आग्रह धरला असता, का ते सांगते.

विज्ञानकथेत दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात. एक म्हणजे माहिती बरोबर आहे का. ही विचारून कळते. कुठल्या कथेत शंका आली तर तेवढाच प्रश्न, कथा न दाखवता, त्या विषयातल्या माणसाला पाठवायचा असं ठरलंय आणि त्यासाठी लोक तयार आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे लेखकाने आपल्याच गृहीतकाचा शेवटपर्यंत विचार केलाय का. ही विचारून कळत नाही, त्यासाठी तशी सवय लागलेला वाचक लागतो. आणि ही सवय पीएचडी असली की असतेच आणि नसली की नसतेच असं मला अजिबात वाटत नाही. ज्या माणसाने रोज अशा कामात वर्षं घालवली की जिथे 'बहुतेक ओ असेल' म्हणून चालत नाही, तो माणूस तुमच्या गोष्टीतलं 'बहुतेक' बरोबर पकडतो. मला परीक्षक म्हणून असाच माणूस हवा होता आणि मी त्याबद्दल ठाम आहे.

कृष्णविवराचं उदाहरण घेतलंत म्हणून सांगते, तिथे वेळ सावकाश जातो हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. ते बरोबर लिहिलं म्हणून कथा चांगली होत नाही. परत आलेल्या माणसाची बायको म्हातारी झालीय, ठीक, पण त्याच्या नावावरच्या खोलीचं काय झालं, सोसायटीने त्याला मृत धरलं का, त्याचं पेन्शन कोण घेतंय, हे विचार ज्याने केले त्याची कथा उभी राहते. हे ओळखायला ताई, काका आणि सर पुरेसे आहेत.

बोरीबंदर

संयोजकांनी नावं झाकून ठेवण्याबद्दल लिहिलंय त्यावरून एक आठवण द्यायलाच हवी, बऱ्याच जणांना माहीत असेल पण नवीन लोकांसाठी लिहितो. मराठी विज्ञान परिषद, आपल्या चुनाभट्टीच्या विज्ञान भवनातली, 1966 साली स्थापन झालेली. त्यांच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेला 1974 साली एक कथा आली, नाव कृष्णविवर, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आणि हे जगताप म्हणजे होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं ज वि ना, ती उलटी फिरवून ना वि ज केली आणि त्यातून टोपणनाव तयार केलं. एवढंच नाही, परिषदेतल्या लोकांना आपलं अक्षर ओळखता येईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून पाठवली.

विचार करा, माणूस 1972 ला केंब्रिजहून परत येऊन टीआयएफआरमध्ये प्रोफेसर झालेला, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलसोबतच्या कामामुळे जगभर नाव झालेलं, घराघरात माहीत असलेला. त्याने स्वतःच्या नावाने पाठवली असती तर कुठल्या परीक्षकाने निर्मळ मनाने वाचली असती? एक तर दबून जाऊन पहिला नंबर दिला असता, नाही तर एवढ्या मोठ्या माणसाला स्पर्धेत कशाला धरायचं म्हणून बाजूला ठेवली असती. दोन्ही वाईटच. त्यांनी स्वतःहून ती सोय परीक्षकांना करून दिली आणि कथा स्वतःच्या पायावर पहिली आली. मला तर वाटतं की मराठी विज्ञानकथेत नंतर जो एवढा मोठा प्रवाह आला त्याची सुरुवातच अशी स्वच्छ झाली हे आपलं भाग्य आहे. 20 मे 2025 ला नारळीकर सर गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या विश्वरचनेच्या कामाबद्दल लिहिलं, ते बरोबरच आहे, पण मला पहिल्यांदा त्या टोपणनावाचीच आठवण झाली.

तर मुद्दा असा की आपल्या स्पर्धेतही कथा परीक्षकांकडे जाताना नाव नको, फक्त नंबर हवा. तसं आहे का?

तिवर

बोरीबंदर, सुंदर लिहिलंत. माझी आई ती कथा वाचल्याचं अजून सांगते.

संयोजक

बोरीबंदर, मनापासून धन्यवाद. हो, तसंच आहे. कथा आली की आमच्यातली एकजण तिला नंबर देते आणि नाव काढून टाकते, नंबर आणि नावांची यादी फक्त तिच्याकडे. आता हस्ताक्षराचा प्रश्न राहिला नाही पण त्याच्या जागी दुसरा आलाय, फाइलच्या माहितीत टाइप करणाऱ्याचं नाव आपोआप चिकटलेलं असतं, ते लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक कथेतला मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये घातला जाईल आणि तीच परीक्षकांकडे जाईल. कथेच्या शेवटी स्वतःचं नाव, गाव, फोन नंबर टाकू नका, ते मेलमध्ये लिहा. आणि परीक्षकाला एखादी कथा ओळखीच्या माणसाची आहे असं नुसतं वाटलं तरी त्या कथेला तो गुण देणार नाही, बाकी दोघांच्या सरासरीवर ती धरली जाईल.

सायन सर्कल

मला थोडी धास्ती काकांची वाटतेय. म्हणजे सिग्नलवाले आहेत, सगळं नियमात बसवायची सवय असणार, मग माझ्या गोष्टीत प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जाणारं यान असेल तर पहिल्याच पानावर लाल सिग्नल? विज्ञानकथेत कल्पनेला जागा नसेल तर मग निबंधच लिहायचा की. आज जे शक्य नाही ते लिहायचं नाही असा दंडक लावला तर सगळ्या गोष्टी हवामान आणि मोबाइलवरच येतील, असं होऊ नये ही कळकळीची विनंती.

संयोजक

हा प्रश्न मी थेट काकांनाच वाचून दाखवला. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहितेय.

काका म्हणाले, एक अशक्य गोष्ट मी बिनतक्रार मान्य करतो. यान प्रकाशापुढे जातं? जाऊ दे. पण ते मान्य केल्यावर त्याच्या मागोमाग जे जे येतं ते लेखकाने स्वीकारायचं. असं यान असेल तर आधी निघालेल्या संदेशाच्या आधी माणूस पोचेल, मग टपाल कशाला, तार कशाला, युद्धाची बातमी आणि युद्ध यात आधी काय पोचेल? हे सगळं विसरून लेखकाने फक्त नायकाला वेळेत पोचवण्यासाठी ते यान वापरलं आणि नंतर गुंडाळून ठेवलं तर मात्र त्यांचे गुण जातात. दुसरी अशक्य गोष्ट आली की ते पहिलीचा हिशेब मागतात. आणि तिसरी शेवटच्या पानावर आली, म्हणजे अडकलेला नायक सोडवायला लेखकाने खिशातून नवीन किरण काढला, तर तिथे ते वाचन थांबवतात.

उलट ज्या कथा आजच्या विज्ञानातच आहेत त्यांच्याबाबतीत ते जास्त कडक आहेत, हे लक्षात ठेवा. त्यांनीच दिलेलं उदाहरण. एका कथेत बायको मुंबईत, नवरा मंगळावर, आणि दोघं व्हिडिओ कॉलवर भांडतायत, ती बोलली की तो लगेच उलट बोलतो. मंगळापर्यंत सिग्नलला एका बाजूनेच 3 पासून 22 मिनिटांपर्यंत लागतात, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यावर. काका म्हणाले, मला इथे चुकीपेक्षा वाया गेलेल्या संधीचं वाईट वाटतं. कारण खरं भांडण कसं होईल बघा, तिने रागात काहीतरी बोलून टाकलं, दहा मिनिटांनी तिला पश्चात्ताप झाला, तिने सॉरी पाठवलं, पण तिकडे आधी रागाचे शब्द पोचले, त्याने त्याला जोरदार उत्तर दिलं, आणि ते उत्तर तिच्या सॉरीला वाटेत ओलांडून तिच्याकडे आलं. आता तिने काय करायचं? त्याला तिचं सॉरी मिळालंय की नाही हे तिला अजून कळायचंय. ही सगळी गोष्ट त्या उशिरातूनच मिळते, तो उशीर काढून टाकला की साधं नवराबायकोचं भांडण उरतं.

सायन सर्कल, धास्ती सोडा आणि यान उडवा.

सायन सर्कल

बापरे, हे काका ग्रेट आहेत. सॉरी वाटेत ओलांडलं गेलं हे वाचून मी दोन स्टेशनं पुढेच गेलो डोक्यात. लिहितो नक्की.

रात्रपाळी

तीन छोटे प्रश्न. शब्दमर्यादा काय? भुताची गोष्ट पण शेवटी वैज्ञानिक कारण निघतं, अशी चालेल का? आणि एआयकडून लिहून घेतलेल्या कथा ओळखणार कशा?

संयोजक

1500 ते 4000 शब्द. भूत चालेल, पण शेवटच्या परिच्छेदात 'तो मिथेन वायू होता' असं सांगून हात झटकणार असाल तर ताई त्याला मागून वाचतील हे लक्षात असू द्या. तिसऱ्याबद्दल, कथा तुम्हीच लिहिलेली हवी, शुद्धलेखन तपासायला काही वापरलंत तर हरकत नाही. ओळखण्याचं यंत्र आमच्याकडे नाही आणि त्या यंत्रांवर आमचा विश्वासही नाही, कारण कुणावर तरी विनाकारण आळ येईल. पहिल्या पाच कथांच्या लेखकांशी परीक्षक फोनवर अर्धा तास बोलणार आहेत, ही कथा सुचली कशी, काय काय खोडलं, कुठे अडलात. ज्याने लिहिलंय त्याला यावर बोलायला आवडतंच.

पारले पूर्व

गोष्ट मुंबईतच घडायला हवी का? विचारायचं कारण, मागच्या एका दुसऱ्या स्पर्धेत सगळ्या बक्षीसपात्र कथांमध्ये नायकांची नावं परदेशी आणि गावं पण परदेशी होती, ते मला फार खटकलं होतं.

तिवर

संयोजकांच्या आधी मीच उत्तर देते, अट नसावी, पण लिहिणाऱ्यांनी आपल्या पायाखाली बघावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे आणि आज संधी मिळालीय तर मोकळेपणाने लिहिते.

कुलाब्याची वेधशाळा घ्या. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून जे मोठं वादळ पृथ्वीवर आदळलं, ज्यात युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांमधून ठिणग्या उडाल्या, त्याची नोंद कुलाब्याच्या चुंबकमापकांवर झालीय. चुंबकीय क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची (हे ते मोजायचं माप) घसरण, आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर काढायला आपल्या कुलाब्याचे ते आकडे वापरतात. कल्पना करा, ठरावीक वेळाने सुई वाचून वहीत आकडा लिहिणारा कोणी माणूस असेल, त्याच्या डोळ्यांसमोर सुई अशी कुठल्या कुठे चाललीय, त्याला काय वाटलं असेल, यंत्र बिघडलं? आपली नोकरी जाणार? त्याने तो आकडा खोडून 'बरोबर वाटेल' असा लिहिला असता तर आज आपल्याकडे काहीच नसतं. लिहिला तसाच. मला यात पूर्ण कथा दिसते.

आणि पुढचं ऐका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या करंटमुळे चुंबकीय मोजणी बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस, त्यांनी मोजणी अलिबागला हलवली, 1904 ला तिथे काम सुरू झालं. पण एकदम नाही हलवली, दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांना जोडता यावेत. मग 1907 ला विजेची ट्राम धावली. आपल्या शहराने वेगासाठी काय दिलं त्याची ही गोष्ट आहे आणि त्यातलं काहीही हरवू नये म्हणून एका माणसाने केवढी काळजी घेतली त्याचीही. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. शंभर वर्षांनंतरच्या मुंबईत आणखी कुठलं तरी यंत्र येणार आहे आणि त्यामुळे कुठली तरी मोजणी कायमची बंद पडणार आहे, ती कुठली? इथून लिहा ना कोणीतरी.

अजून एक. 26 जुलै 2005, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. एकाच शहरात एकीकडे माणसं गळ्यापर्यंत पाण्यात आणि दुसरीकडे फोर्टमधल्या ऑफिसात लोक म्हणतायत की नेहमीचाच पाऊस आहे, निघू आता. ते निघाले आणि मग काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासाठी सगळ्यात भयानक विज्ञानकथा ही आहे की माहिती होती पण ती दुसऱ्या टोकाला होती.

माफ करा लांबलं, पण या गोष्टी परदेशी नावाच्या नायकाला सापडणार नाहीत.

बोरीबंदर

तिवर, हे वाचून अलिबागला जाऊन यावंसं वाटतंय. तुम्ही स्वतः लिहा हो यावर.

संयोजक

तिवर, मला पुढे काही लिहायची गरजच ठेवली नाहीत. पारले पूर्व, अट नाही. कथा गडचिरोलीत घडू दे, गुरूच्या चंद्रावर घडू दे. पण सरांचं एक म्हणणं सांगते, माणसं जिथली आहेत तिथल्यासारखी बोलली पाहिजेत. चंद्रावरच्या तळावर कोल्हापूरचा इंजिनिअर आणि वसईची डॉक्टर असतील तर संकट आल्यावर दोघं एकाच पुस्तकी भाषेत बोलणार नाहीत.

चाळकरी

मी पहिल्यांदाच लिहितेय, विचारू की नको असं चाललं होतं. माझं शिक्षण कॉमर्सचं, लग्नानंतर घरीच, लालबागला राहतो. माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे पण त्यात प्रयोगशाळा नाही, यान नाही, शास्त्रज्ञ पण नाही. आमच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटनंतर सगळ्यांच्या घरात एक यंत्रणा बसवतात, ती घरातल्या माणसांचे आवाज ऐकून लाइट-पंखे लावते. आणि एका घरात सासू वारल्यावरही ती यंत्रणा रोज पहाटे पाच वाजता स्वयंपाकघराचा दिवा लावत राहते. सून तो बंद करायला सांगायला धजत नाही. एवढंच आहे. याला विज्ञानकथा म्हणतात का? का मी उगाच मध्ये येतेय?

तिवर

अहो उगाच काय, अंगावर काटा आला.

जलद लोकल

ताई, ही नक्की लिहा. आणि वर मी शास्त्रज्ञ परीक्षक हवा म्हणालो होतो, अजूनही एक असता तर बरं झालं असतं असंच वाटतं, पण ही गोष्ट वाचायला मात्र आपले तिघंच हवेत.

संयोजक

चाळकरी ताई, शंभर टक्के विज्ञानकथा. यंत्र आहे, त्याला एक सवय लागलीय आणि ती सवय आता घरातल्या माणसांवर परिणाम करतेय, आणखी काय पाहिजे. फक्त स्वतःलाच दोनचार प्रश्न विचारा. दिवा आवाजावर लागत होता की वेळेवर? आवाजावर लागत असेल तर सासूबाई गेल्यावर तो कशावर लागतोय? यंत्रणेने त्यांचं पाच वाजताचं उठणं शिकून घेतलं असेल तर मग ती सुनेचं काय काय शिकलीय? आणि दिवा बंद करायचा अधिकार कुणाच्या आवाजाला दिलेला होता? उत्तरं सगळी गोष्टीत यायला हवीत असं नाही, पण तुम्हाला ठाऊक हवीत, मग वाचणाऱ्याला ती न सांगताही जाणवतात. प्रयोगशाळा नाही याची अजिबात चिंता करू नका. पहाटे पाचला स्वयंपाकघरात काय काय असतं हे तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं कुठल्याही शास्त्रज्ञाला माहीत नसेल.

चाळकरी

खूप खूप आभार. दिवा कशावर लागतोय हा विचार मी केलाच नव्हता, आता तोच डोक्यात बसलाय. लिहायला घेते आजपासून, दुपारी तासभर मिळतो.

रात्रपाळी

बक्षीस नाही मिळालं तरी परीक्षकांचं मत कळेल का? नुसते गुण कळून काही उपयोग होत नाही, पुढच्या वेळी काय सुधारायचं ते कळत नाही.

संयोजक

कळेल. तिघांनीही कबूल केलंय की प्रत्येक कथेवर चारपाच ओळी लिहून देणार, मग ती पहिली असो की शेवटची. तिघांची मतं एकमेकांविरुद्ध असली तरी तशीच पाठवू, जुळवून घेणार नाही. कथा जास्त आल्या तर निकालाला थोडा उशीर होईल पण हे लिहून देणं टाळायचं नाही असं ठरलंय. कथा गणपती विसर्जनापर्यंत पाठवायच्या, निकाल दिवाळीच्या आधी, आणि त्यानंतर एका रविवारी दादरला परीक्षकांशी गप्पा ठेवतोय, जागा ठरली की कळवते.

शेवटचं, दोघांनी मेलवर विचारलंय म्हणून. कथा युनिकोडमध्येच टाइप करून पाठवा, मोबाइलवर टाइप केलेली चालेल. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे नीट उघडत नाही, सगळे जोडाक्षरांचे तुकडे होतात, आणि हाताने लिहिलेल्या कागदाचे फोटो असतील तर स्वच्छ उजेडात, एकेक पान वेगळं काढून पाठवा, आमच्यातली दोघं ते टाइप करून देणार आहेत.